सातव्या बोअरची पेटी

मी चौथी शिकलेली आहे. पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती, नाल्याला चार महिने पाणी असायचं, आणि बाप म्हणाला पुरे झालं. मलाही पुरे झालं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी डोंगराच्या पोटात कॉम्प्युटरने फिरले असं लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल म्हातारी थापा मारते. थापा मारायला डोकं लागतं. मला जे झालं तेवढंच सांगता येतं.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. मी तेव्हा साठीच्या आत किंवा बाहेर होते. आमच्या वेळी जन्मतारीख मास्तर ठरवायचे, त्यामुळे नक्की माहीत नाही. आमचं गाव गोरेगाव तालुक्यात. आम्ही पोवार. पूर्वज माळव्यातून आले असं सांगतात. मी काही पाहायला गेले नव्हते. धानाच्या बांध्या, दोन बैलजोड्या, एक सालदार, आणि घराला लागून धान ठेवायची मोठी कोठी. त्या हिवाळ्यात एका कंपनीने मागच्या डोंगरावर लोखंडाच्या दगडासाठी बारा बोअर मारले, आणि बोअरमधून निघालेला दगड ठेवायला आमची कोठी भाड्याने घेतली.

पाण्याच्या बोअरमधून चिखल निघतो. या बोअरमधून दगडाच्या गोल कांड्या निघायच्या, मनगटाएवढ्या जाड. त्या जशा निघतील तशा, त्याच क्रमाने लाकडी पेटीत ठेवायच्या. पेटीत पाच खाचा, प्रत्येक खाच एक मीटर लांब. म्हणजे एका पेटीत पाच मीटर डोंगर. अशा पेट्या कोठीत कौलांपर्यंत रचल्या होत्या. कोठीत धान असताना उंदीर असायचे, दगड आल्यावर निघून गेले. एवढा एक फायदा मला लगेच समजला.

बोअरचं मशीन गेलं. पेट्या पाहून कोणत्या खोलीवर काय आहे ते वहीत लिहिणारा माणूसही दुसऱ्या कामावर गेला. होळी झाली आणि कंपनीने एक पोरगी पाठवली.

पोरगी नाशिककडची, पंचविशीची, चष्मा लावणारी. कंपनीने तिला गोंदियाला फुलचूरमध्ये खोली घेऊन दिली होती. तिथून दोन गाड्या बदलून ती अकराला आमच्याकडे पोचायची आणि तेवढ्यात लोडशेडिंग सुरू व्हायचं. मग कोठीच्या ओट्यावर कॉम्प्युटरच्या खोक्याजवळ बसून राहायची.

"आजी, इथे लाईट कधी येते?" तिने तिसऱ्या दिवशी विचारलं.

"येत नाई वं. फक्त जाते."

ती हसली, आणि हसताहसता चष्मा काढून डोळे पुसायला लागली.

"आता कायले रडून राहिली?"

"रडत नाहीये. धूळ गेली."

"धूळ दोन्ही डोळ्यांत एकदम नाई जात."

तेव्हा तिने सांगितलं. भूगर्भाचं शिक्षण घेऊन ती कंपनीत लागली होती, पण वर्षभर तिला नागपूरच्या ऑफिसात नकाशांच्या गुंडाळ्या लावायला बसवलं होतं. डोंगरात काम करायचं म्हणून शिकली आणि रबरबँड चढवत बसली. खूप मागे लागल्यावर साहेब म्हणाले, तीन आठवडे देतो. बारा बोअरांचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरून डोंगराचं मॉडेल उभं कर. रामनवमीच्या आदल्या दिवशी मी येतो. पटलं तर पुढचे सगळे बोअर तुझ्याकडे. नाही पटलं तर परत गुंडाळ्या. आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे करायचं, ते तिने आयुष्यात दोन दिवस पाहिलं होतं.

मी म्हटलं, "इथंच राय. पुढची खोली रिकामी आहे. सकाळची लाईट तं भेटन."

आमच्या यांना मी नंतर विचारलं. घरात आम्ही पोवारीत बोलतो, पण त्यांचं उत्तर कोणत्याही भाषेत एकच असायचं: "मी नाई म्हटलं तं तू ऐकणार आहे का?"

कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आला. त्या सॉफ्टवेअरची एक किल्ली होती. बोटाच्या पेराएवढी, कॉम्प्युटरच्या मागे खुपसायची. ती नसेल तर काहीच उघडायचं नाही. पोरगी हुशार होती पण वस्तू हरवण्यात पटाईत. तिची केसाची पीन मला एकदा चहाच्या गाळणीत सापडली. म्हणून किल्ली मी माझ्या पदराच्या गाठीत बांधली. रोज सकाळी अंघोळ झाली की ती हात पुढे करायची आणि मी गाठ सोडायची.

हे म्हणाले, "कपाटाच्या किल्ल्या माझ्याजवळ, डोंगराची तुझ्याजवळ. बरं चाललं आहे."

पहिले दोन दिवस आम्ही परदेशातली खोटी खाण खणली. सॉफ्टवेअरसोबत शिकायला म्हणून एक खाण दिलेली होती, तिचं सगळं आयतं भरलेलं. पुस्तकात वाचायचं, तसं बटण दाबायचं. पोरगी पुस्तक धरून वाचायची आणि मी बाजूला तांदूळ निवडत पाहायची. दुसऱ्या दिवशी तिचा हात दुखला म्हणून तिने माउस माझ्या हातात दिला.

"फक्त हे बटण दाबून धरा आणि हात हळूच सरकवा."

मी हळूच सरकवलं नाही. खाण गर्रकन फिरली, वरची खाली झाली, पुन्हा वर आली. मी पुन्हा फिरवली. एखाद्या बाईच्या हातात एवढी मोठी वस्तू कधी येत नाही. घागर येते, पाटा येतो, फार तर धानाचं पोतं येतं. ही दोन कोसाची खाण बोटाने फिरत होती. तांदळाचं सूप मांडीवरून घसरलं तरी मी फिरवत होते.

"आजी, थांबा, मला चक्कर येतेय."

"मलेही येऊन राहिली," मी म्हटलं आणि अजून एकदा फिरवली.

तांदूळ नंतर दोघींनी मिळून खाटेखालून गोळा केले.

मग आमचा डोंगर. पोरीने सांगितलं, प्रत्येक बोअरच्या तीन गोष्टी भरायच्या. बोअरचं तोंड डोंगरावर नेमकं कुठे आहे. बोअर कोणत्या दिशेने गेला. आणि आत काय काय लागलं. एवढं भरलं की बाकीचं सॉफ्टवेअर जोडतं. आकडे वहीत होते. वही पाहायची, स्क्रीन पाहायची, परत वही, यात तिची ओळ चुकायची. म्हणून वही मी घेतली. इंग्रजी आकडे मला येतात, एस.टी.च्या पाट्यांवरून आले. मी वाचायची, ती भरायची.

"शून्य ते चार टिंब दोन, माती. चार टिंब दोन ते अकरा, पिवळा दगड."

"आजी, टिंब नाही, पॉइंट."

"टिंबच आहे. दिसून राहिलं ना."

तिसऱ्या दिवशी ती पण टिंब म्हणायला लागली.

बाराही बोअर भरून झाले. ती म्हणाली, आता पाहा. बटण दाबलं. स्क्रीनवर आमचा डोंगर आला, हिरव्या मच्छरदाणीसारखा, आणि त्यावर बारा काठ्या. सगळ्या वर. आभाळात. शेतात बुजगावण्यासाठी बांबू रोवून ठेवतात तशा.

"हे वरतं काऊन चालले वं?"

पोरीचं तोंड उतरलं. "हे खाली जायला हवेत."

"एवढं मलेही समजते."

हे रेडिओ बंद करून बघायला आले. बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ढगात लोखंड लागलं का?"

पोरीने पुस्तकाची पानं उलटली. तासाभराने सापडलं. बोअर सरळ खाली म्हणजे नव्वद अंश, हे बरोबर. पण या सॉफ्टवेअरला खाली म्हणजे उणे नव्वद लागतं. नुसतं नव्वद लिहिलं की ते वर जातं. तिने बारा ठिकाणी उणे टाकलं. बटण दाबलं. बारा काठ्या एकदम डोंगरात घुसल्या, एकीचाही आवाज नाही. मला इतकं हसू आलं की उचकी लागली. पाणी प्यायले, स्क्रीनकडे पाहिलं, परत लागली. त्या दिवसापासून उणे टाकायचं काम मी माझ्याकडे घेतलं. बाकी सगळं तिने भरायचं, पण त्या रकान्यापाशी आलं की ती खुर्ची सरकवायची आणि मी एका बोटाने उणे दाबायची.

दुसऱ्या दिवशी मी डोंगर उलटा करून खालून पाहिला. पोरीने आमचं घर आणि विहीरही खुणेसाठी टाकली होती. बोअर खालून मुळांसारखे लोंबकळत होते आणि त्यांच्या वर गाव, नखाएवढं. एवढ्या जागेत आमची एवढी भांडणं कशी मावली, कोण जाणे. मी यांना हाक मारली.

"या, आपली विहीर खालून पाहा."

"पाणी आहे का तिच्यात?"

"ते नाई दिसत."

"मंग वरून पाहिलेली बरी," असं म्हणून ते गेले.

त्यानंतर खरं काम आलं. प्रत्येक बोअरमध्ये लोखंडाचा थर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते पाहून एका बोअरचा थर दुसऱ्याला जोडत जायचं. सगळं जोडलं की डोंगराच्या पोटात लोखंडाची अख्खी चादर दिसते, आणि मग खाण कुठून खणायची, किती खोल, ते सगळं त्यावरून ठरतं. लोखंडाला आम्ही लाल रंग दिला. एक ते सहा नंबरच्या बोअरमध्ये चादर सुरेख उतरत गेली, वाळत घातलेल्या लुगड्यासारखी. दुसऱ्या टोकाकडून बारा ते नऊ, तीही सुरेख. मधले सात आणि आठ राहिले, आणि तिथे ती फाटली.

बाकी सगळीकडे लोखंड एकसंध होतं. सात आणि आठमध्ये मात्र लोखंड, मग माती, मग लोखंड, मग माती, मग पुन्हा लोखंड. एका थराचे तीन झाले होते. कोणता कोणाला जोडायचा? पोरीने वरचा जोडून पाहिला, मधला जोडून पाहिला, तिन्ही जोडून पाहिले. प्रत्येक वेळी चादरीच्या मधोमध चिंध्या.

साहेब यायला आठ दिवस होते.

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर असायची. पोरगी टाकीवर चढून सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या माणसाशी बोलून आली. तो म्हणाला, दगडच तसा असेल. ती म्हणाली, तसा असेल तर मला सांगता आलं पाहिजे तो का तसा आहे, आणि मला येत नाही. साहेब एवढंच विचारतील आणि जीपमध्ये बसतील.

"गुंडाळ्या," ती म्हणाली. त्या दिवशी जेवली नाही. मी आग्रह केला नाही. भूक लागली की माणूस जेवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चार पोळ्या खाल्ल्या.

आम्ही सातव्या बोअरचे आकडे तिसऱ्यांदा तपासायला घेतले. मी वाचत होते.

"एकवीस ते एकवीस टिंब सहा, लोखंड. एकवीस टिंब सहा ते बावीस, माती. बावीस ते तेवीस, लोखंड. तेवीस ते तेवीस टिंब तीन, माती. तेवीस टिंब तीन ते चोवीस, लोखंड."

"बरोबर आहे. तेच भरलंय," ती म्हणाली.

मी आठवा उघडला. तिथे माती बरोबर बत्तीसवर संपत होती आणि पुढची बरोबर तेहतीसवर सुरू होत होती. मी परत सातवा पाहिला. तिथे बरोबर बावीस आणि बरोबर तेवीस.

"पोरी, बाकीच्या बोअरमध्ये दगड कुठंही बदलते. चार टिंब दोन, सोळा टिंब सात. इथं माती बरोबर मीटरवरच काऊन येऊन थांबते?"

"योगायोग असेल."

"दोन्ही बोअरमध्ये? आणि दुसऱ्या आणि चौथ्या खाचेतच? डोंगराले पेटीच्या खाचा कुठं माहीत आहे?"

तिने वही माझ्या हातातून ओढून दोन्ही बोअरांची पानं पाहिली. मग उठली आणि चप्पल न घालता कोठीत पळाली.

सातव्या बोअरची ती पेटी आम्ही दोघींनी खाली ओढली. वीस ते पंचवीस मीटर. पेटीच्या सुरुवातीला वीसची पाटी, शेवटी पंचवीसची, दोन्ही जागच्या जागी. दगड तुटलेले असतात, पण कप फुटला तरी कान कुठे होता ते कळतं, तसं तुटलेलं टोक दुसऱ्या टोकाला बसवून पाहता येतं. पहिली खाच उजवीकडे संपते, म्हणजे तिचा शेवटचा तुकडा दुसऱ्या खाचेच्या डावीकडच्या पहिल्या तुकड्याला बसला पाहिजे. पोरीने बसवून पाहिला. बसेना. फिरवून पाहिला. बसेना. मी दुसऱ्या खाचेच्या उजवीकडचा तुकडा उचलला आणि तिच्या हातातल्या तुकड्याला लावला. खट्ट करून बसला. मध्ये केस जायला जागा नाही.

"दुसरी खाच उलटी आहे," पोरगी म्हणाली.

चौथीही उलटी निघाली. तिसरी आणि पाचवी सरळ. म्हणून तर शेवटची पाटी बरोबर जागी आली होती आणि वही लिहिणाऱ्याला शंका आली नव्हती.

पेट्या कोणी भरल्या ते मला तेव्हाच समजलं, कारण त्या माणसाला मीच पाठवलं होतं. बोअरवर पेट्या भरणारा शिकलेला माणूस सालेकसाकडचा गोंड होता. माघ पुनवेला तो कचारगडच्या जत्रेला गेला, दरवर्षी जातो तसा. मशीनवाला माझ्याकडे आला होता: "अम्मा, चार दिन के लिए एक आदमी दे दो, सीधा काम है." मी आमचा सालदार दिला. गावात त्याच्याएवढा सरळ नांगर कोणाचा चालत नाही. त्या चार दिवसांत सात आणि आठ नंबरचे बोअर झाले.

मी त्याला गोठ्यातून बोलावलं.

"काय रे, ह्या पेट्या तू कशा भरल्या?"

"कांडीमागं कांडी, बाई. एक इकडची तिकडं नाई केली."

"पयली खाच?"

"डाव्याकडून उजव्याकडं."

"आणि दुसरी?"

"उजव्याकडून डाव्याकडं."

"काऊन?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. आम्हाला दोघींना एकदम काही झालं आहे असं त्याला वाटलं असावं.

"वावराच्या टोकाशी तास संपलं का नांगर तिथूनच वळते ना, बाई. बैल उडून पयल्या टोकाले जाते का?"

पोरगी कोठीच्या जमिनीवर बसली. आधी वाटलं रडते. ती हसत होती. मलाही सुरू झालं, आणि उचकीही आली. आम्ही वाचणारी माणसं ओळ संपली की परत डावीकडे येतो. त्याला वाचता येत नव्हतं, त्याने पेटी नांगरली होती. त्याच्या हिशेबाने त्याने एकही तुकडा चुकवला नव्हता, आणि ते खरंच होतं.

"चुकलं असन तं सांगा," तो रागावून म्हणाला. "हासता कायले?"

"चुकलं नाई," मी म्हटलं. "बैल नाई उडत. पेटी उतरवायले हात लाव."

दोन्ही बोअरांच्या सगळ्या पेट्या उतरवल्या. प्रत्येक पेटीत दुसरी आणि चौथी खाच सरळ करायची, पुन्हा मोजायचं, पुन्हा लिहायचं. सालदार उचलायचा, पोरगी मोजायची, मी वहीत लिहायची. माझं अक्षर मोठं आहे, वही लवकर भरली. चार दिवस लागले. जुनी वही आम्ही तशीच ठेवली; तिच्यात खाडाखोड करायची नाही असं पोरगी म्हणाली, आणि ते बरं झालं. नवे आकडे भरल्यावर सातव्या बोअरमध्ये लोखंड एकवीस टिंब चार ते तेवीस टिंब सात, सलग. आठव्यातही सलग. चादर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक झाली. मी ती इतकी फिरवली की पोरीने पदराच्या गाठीकडे बोट दाखवून किल्ली काढून घ्यायची धमकी दिली.

रामनवमीच्या आदल्या दिवशी साहेब जीपने आले. नऊला येणार होते, साडेदहाला आले. अकराला लाईट जायची. उंच माणूस, पांढरी पँट. चहाला नाही म्हणाले. पोरीने मॉडेल उघडलं. आधीचे दोन दिवस ती घोकत बसली होती, पण दोनच वाक्यांनंतर त्यांनी तिला थांबवलं.

"सात आणि आठचे आकडे वहीत वेगळे आहेत."

"हो सर. वहीतले चुकले होते. मी बदलले."

"ती वही लिहिणाऱ्याने पंधरा वर्षं हेच काम केलं आहे. तुम्ही किती केलं?"

"तीन आठवडे."

"चित्र जुळत नव्हतं म्हणून आकडे बदलले. याला मॉडेल नाही म्हणत, म्याडम."

"नाही सर, पेटीत—" ती एवढं बोलली आणि लाईट गेली. स्क्रीन काळी झाली. अकराला पाच मिनिटं कमी होती. त्या दिवशी लाईटवाल्यांनाही घाई होती.

पोरगी त्या काळ्या स्क्रीनकडे पाहत उभी राहिली. तिच्या डोक्यात गुंडाळ्या सुरू झाल्या हे मला दिसत होतं. साहेबांनी जीपची किल्ली खिशातून काढली.

मी म्हटलं, "लाईट गेली, साहेब. दगड तं नाई गेला. कोठीत चला."

"तुम्ही कोण?"

"कोठी माझी आहे. आणि चूक बी माझीच आहे, तेवढी ऐकून जा."

ते आले. राग आलेला माणूस कधीकधी भांडण पुरं करायलाच सोबत येतो. एक पेटी आम्ही मुद्दाम उलटी होती तशीच परत भरून ठेवली होती. ती पोरीची अक्कल, माझी नाही. सातव्या बोअरचीच, वीस ते पंचवीस. मी दोन तुकडे त्यांच्या हातात दिले आणि म्हटलं, वहीप्रमाणे लावून पाहा. त्यांनी उभ्याने लावून पाहिले. बसेनात. मग दुसऱ्या बाजूचा घेतला. खट्ट झालं.

ते पांढऱ्या पँटसकट खाली बसले आणि पुढचा तुकडा घेतला. तो बसला, मग त्याच्या पुढचा. दुसरी खाच संपली, तिसरी केली, चौथी उलटी आहे हे कोणी सांगण्याआधी त्यांनीच ओळखलं. मग दुसरी पेटी मागितली. सालदाराने दिली. आम्ही तिघं उभे, आणि नागपूरचा साहेब जमिनीवर बसून दगड जुळवत होता, जत्रेतून खेळणं आणल्यासारखा. पँट गुडघ्यापर्यंत लाल झाली.

"कोणी भरल्या ह्या?" त्यांनी शेवटी विचारलं.

सालदार पुढे झाला. "मी. नांगरासारख्या. बैल—"

"समजलं," साहेब म्हणाले, आणि त्यांनाही हसू आलं. पोरीकडे वळून म्हणाले, "हे रिपोर्टमध्ये कसं लिहिणार?"

"जसं झालं तसं, सर."

"लिहा. आणि चहा सांगा."

लाईट दुपारी आली तोवर ते थांबले. पोळी-भाजी खाल्ली. मॉडेल स्वतः फिरवलं, खालूनही पाहिलं. जाताना जीपमध्ये बसून पोरीला एवढंच विचारलं, "पुढचे बोअर कधी सुरू करता?" तिने सोमवार सांगितला. जीप वळणाआड गेली आणि ती पोरगी अंगणात एका पायावर गोल फिरली. कोंबड्या पळाल्या. मी तिला म्हटलं, सोमवारला तीन दिवस आहेत, आधी कोठी झाड.

नवे बोअर सुरू झाले तेव्हा पोरीने सालदाराला चुन्याचा डबा दिला आणि प्रत्येक पेटीच्या प्रत्येक खाचेच्या डाव्या टोकाला बाण काढायला सांगितलं. त्याने एका पेटीवर पाच बाण काढले, सगळे उजवीकडे जाणारे, आणि मागे सरकून बघत राहिला.

"मंग वापस कसं यायचं?" त्याने मला विचारलं.

"वापस यायचं नाई. दर वेळी इकडूनच सुरू."

"बैलाले नाई जमत."

"तू बैल नाई."

"हे तुम्ही आज सांगून राहिल्या, बाई," तो म्हणाला आणि पुढच्या पेटीवर बाण काढायला लागला.

पहिला बोअर त्या आठवड्यात पुरा झाला. पोरगी डोंगरावर होती, चिखलात, जिथे तिला असायचं होतं. पुढच्या खोलीत मी एकटी होते. पदराची गाठ सोडली, किल्ली खुपसली, तिने लिहून पाठवलेला कागद समोर ठेवला आणि एका बोटाने एकेक आकडा भरला. उणे मी सगळ्यांत आधी दाबलं. मग नव्वद. मग बटण. काठी खाली गेली. हे दारात उभे होते.

"गेली का खाली?"

"गेली."

"मंग आता चहा होईल का?"

"बसा," मी म्हटलं, आणि डोंगर एकदा गर्रकन फिरवला.